आभाळातल्या ओलाव्याचा हिशेब

मैत्रिणींनो, पाऊस येणार की नाही हे टीव्हीवाल्यांच्या आधी आपलं स्वयंपाकघर सांगतं, हे तुम्हालाही पटेल. बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं. आगपेटीची काडी तीनदा घासली तरी पेटत नाही. कडक तळलेला पापड तासाभरात मऊ पडतो. न्हाणीघराचं लाकडी दार फुगून बसतं, आणि शेजारच्या आजी गुडघा चोळत म्हणतात, "हवा लई कुंद झालीया, आज येतोय बघ."

मीठ, काडी, पापड, दार आणि आजींचा गुडघा, ही सगळी एकाच गोष्टीची खबर देत असतात. ती म्हणजे हवेत साठलेली पाण्याची वाफ. पुस्तकात तिला बाष्प म्हणतात.

हे बाष्प डोळ्यांना दिसत नाही. तुम्ही म्हणाल, असं कसं, कुकरच्या शिट्टीतून वाफ निघते ती चांगली दिसते की! पण जरा नीट बघा. शिट्टीच्या अगदी तोंडाशी बोटभर जागा रिकामी दिसते आणि पांढरा लोट त्याच्या पुढे सुरू होतो. त्या रिकाम्या जागेत जी असते ती खरी वाफ. पुढे जे पांढरं दिसतं ते गार हवेत वाफेचे झालेले बारीक थेंब. आभाळातही तसंच. ढग दिसतो, पण ढग ज्यापासून होतो ते बाष्प दिसत नाही. आकाश निळंशार असतानाही आपल्या डोक्यावर कितीतरी पाणी तरंगत असतं.

न दिसणारं पाणी कशाला मोजायचं?

आमचं महाळुंगे आता कंपन्यांचं गाव म्हणून ओळखलं जातं. चाकण-तळेगाव रस्त्यावर रात्रंदिवस कंटेनर आणि कंपन्यांच्या बसगाड्या धावतात. पण या कारखान्यांच्या मागच्या अंगाला अजून शेती आहे, आणि चाकणच्या बाजाराचं नाव अजून कांद्यानंच निघतं. काढणीच्या दिवसांत कांदा पातीसकट वावरात सुकायला पडलेला असतो. अशा वेळी दुपारी अचानक वळीव आला तर वर्षाची कमाई तासाभरात भिजते. भिजलेला कांदा बराखीत टिकत नाही, त्याला कोंब फुटतात, तो सडतो. दोन तास आधी जरी पक्कं कळलं, तरी घरातली चार माणसं मिळून ताडपत्री टाकू शकतात.

कांद्याचं एक वेळ सोडा, जिवाचं काय? आमच्या शेजारच्या आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाव आठवा. ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगराचा कडा खाली आला आणि गाव त्याच्याखाली गेलं. १५१ माणसं दगावली. नेहमीच्या फेरीला आलेल्या एसटीच्या चालकाला गावच दिसेना, तेव्हा कुठे बाहेर खबर लागली. त्याच्याही आधी २६ जुलै २००५ ला मुंबई बुडाली होती. त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि त्याच शहरात कुलाब्याला फक्त ७३ मिलिमीटरच्या आसपास! म्हणजे एकाच गावात एकीकडे प्रलय आणि दुसरीकडे नेहमीचा पाऊस.

असा पाऊस आधी कळायचा तर हवेत कच्चा माल किती आला आहे, कुठे आला आहे आणि किती वेगानं वाढतो आहे, हे ठाऊक पाहिजे. पिठाच्या डब्यात पीठ किती आहे ते बघितल्याशिवाय चपात्या किती होतील हे कोण सांगेल?

फुग्याची गोष्ट

आजवर हे मोजण्याचा मुख्य आधार म्हणजे फुगा. हवामान खात्याच्या ठरावीक केंद्रांवरून गॅस भरलेला मोठा फुगा आभाळात सोडतात. त्याला एक लहान यंत्र बांधलेलं असतं. फुगा वर जाताना ते यंत्र तापमान, दाब आणि दमटपणा मोजून खाली कळवत राहतं. फुगा पंचवीस-तीस किलोमीटर वर जाऊन फुटतो.

या कामात आपल्या पुण्याचं नाव मोठं आहे. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यात आलं, म्हणून शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीला जुने पुणेकर आजही 'सिमला ऑफिस' म्हणतात. पुढे मुख्यालय दिल्लीला गेलं, पण यंत्रांचं मोठं काम पुण्यातच राहिलं. तिथे १९४८ मध्ये अ‍ॅना मणी नावाची एक तरुणी रुजू झाली. केरळात १९१८ मध्ये जन्मलेल्या अ‍ॅनाबाईंनी इंग्लंडला जाऊन हवामानाच्या यंत्रांचं शिक्षण घेतलं होतं. त्या काळी साधी साधी यंत्रंसुद्धा परदेशातून यायची. ती आपल्याकडे बनावीत, आणि प्रत्येक यंत्र बरोबरच मोजतं आहे याची खात्री असावी, यासाठी त्यांनी पुण्यात वर्षानुवर्षं काम केलं. सुमारे शंभर यंत्रांचे आराखडे त्यांच्या देखरेखीखाली प्रमाणित झाले. १९७६ मध्ये त्या खात्याच्या उपमहासंचालक म्हणून निवृत्त झाल्या. आपल्या मुलींना सांगण्यासारखं हे नाव आहे.

पण फुग्याची एक अडचण आहे. तो साधारण दिवसातून दोनदाच सुटतो, पहाटे साडेपाचला आणि संध्याकाळी साडेपाचला. मध्ये बारा तासांची पोकळी. आणि आपला वळीव नेमका येतो कधी? दुपारी दोन ते पाचच्या दरम्यान! म्हणजे सकाळचा फुगा जुना झालेला आणि संध्याकाळचा अजून सुटायचा. शिवाय फुग्याचा आणि यंत्राचा खर्च रोजचा, आणि केंद्रंही मोजकी.

ही पोकळी भरायला जे साधन पुढे आलं, ते भलत्याच कामासाठी बनवलेलं होतं.

मोजणीची काठी

आमच्या भागात जमिनीला सोन्याचा भाव आल्यापासून मोजणी हा घराघरातला विषय झाला आहे. पूर्वी मोजणीला साखळी यायची, मग टेबल आलं. आता भूकरमापक एक उंच काठी घेऊन येतात. तिच्या डोक्यावर थाळीसारखं यंत्र असतं. तिला रोव्हर म्हणतात. आमच्या बचत गटातल्या एका काकूंच्या बांधाची मोजणी होती, तेव्हा आम्ही दोघी-तिघी सोबतीला गेलो होतो. काकूंनी भूकरमापकांना सरळ विचारलं, "भाऊसाहेब, बांध खाली हाय, आन् तुमची काठी वर आभाळाकडं काय बघती?"

ते हसले. म्हणाले, "काकू, वर उपग्रह फिरतात. ते ही काठी नक्की कुठं उभी आहे ते सांगतात. फक्त हवेमुळं त्यांच्या सिग्नलला जरा उशीर होतो. तेवढी चूक काढून टाकली की तुमचा बांध दोन बोटांपर्यंत बरोबर येतो."

काकूंचं लक्ष बांधाकडे होतं, माझं मात्र त्या 'उशिरा'शी अडकलं. कारण मोजणीवाले जी चूक म्हणून टाकून देतात, त्यातच हवामानवाल्यांचं धान्य दडलेलं आहे.

उशीर कशामुळे होतो?

मोबाइलवर रस्ता दाखवणारं जीपीएस तुम्हाला माहीत आहे. मुळात ही व्यवस्था अमेरिकेच्या लष्करानं उभारली. पहिला उपग्रह १९७८ मध्ये गेला. आता रशिया, युरोप, चीन यांचेही असे उपग्रह आहेत, आणि आपल्या इस्रोनंही २०१३ पासून आपले स्वतःचे सोडले. त्या व्यवस्थेला 'नाविक' असं छान नाव आहे.

जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटरवर फिरतात. प्रत्येकात अतिशय अचूक घड्याळ असतं. उपग्रह सारखा सांगत असतो, 'मी इथे आहे, आणि आता इतके वाजले.' हा संदेश सेकंदाला जवळजवळ ३ लाख किलोमीटर वेगानं येतो, म्हणजे आपल्यापर्यंत पोचायला सेकंदाचा पंधरावा भाग पुरतो. निघाल्याची वेळ आणि पोचल्याची वेळ यांतल्या फरकावरून अंतर निघतं. अशा चार किंवा जास्त उपग्रहांचं अंतर कळलं की आपली जागा कळते.

पण हा संदेश शेवटच्या टप्प्यात हवेतून येतो आणि तिथे किंचित रेंगाळतो. आठवडे बाजारातून जाणारी बाई आठवा. अनोळखी गर्दीतूनही तिला जरा वेळ लागतोच. पण ओळखीच्या बायका भेटल्या तर? "काय गं, कधी आलीस?" करत प्रत्येकीपाशी क्षणभर थांबावं लागतं. हवेतले कोरडे वायू म्हणजे ती अनोळखी गर्दी, आणि पाण्याचे रेणू म्हणजे ओळखीच्या बायका. पाण्याच्या रेणूची एक बाजू थोडी धन आणि दुसरी थोडी ऋण असते, त्यामुळे रेडिओच्या लहरीला तो जास्त अडवतो.

हा उशीर अंतरात मांडला तर डोक्यावरून सरळ खाली येणाऱ्या संदेशाला कोरड्या हवेमुळे समुद्रसपाटीला सुमारे २.३ मीटर वाट जास्त पडल्यासारखी वाटते. हा आकडा हवेच्या दाबावरून नेमका काढता येतो, म्हणून तो वजा करता येतो. खूप वर, जिथे हवा विद्युतभारित असते, तिथेही उशीर होतो. पण दोन वेगवेगळ्या लहरी वापरून तोही बाजूला काढतात. मग जो उरतो, काही सेंटिमीटरपासून तीस-चाळीस सेंटिमीटरपर्यंत, तो सगळा बाष्पाचा.

पावसाळ्यात तीस सेंटिमीटर म्हणजे वेळेच्या हिशेबात किती? एका सेकंदाचे शंभर कोटी भाग करा, त्यातला एक भाग! एवढा बारीक उशीर माणूस मोजू शकतो, याचंच मला सगळ्यात नवल वाटतं.

आता हिशेब सोपा आहे. साधारण साडेसहा सेंटिमीटर उशीर म्हणजे डोक्यावर एक सेंटिमीटर पाणी. म्हणजे हवेतली सगळी वाफ आटवून परातीत धरली तर एक सेंटिमीटर उंचीचं पाणी जमेल. आपल्याकडे हिवाळ्याच्या कोरड्या दिवसांत ते सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर असतं, भर पावसाळ्यात पाच सेंटिमीटरच्या आसपास जातं.

अट एवढीच, की यंत्र एका जागी पक्कं रोवलेलं हवं. त्याची जागा बारीकसारीक मापापर्यंत आधीच ठाऊक असली, की उशिराचं खापर जागेवर फुटत नाही, ते हवेवरच जातं. सोबत दाब आणि तापमान मोजायचं. मग दिवसा, रात्री, ढगात, धो धो पावसातसुद्धा थोड्या थोड्या वेळानं बाष्पाचा आकडा मिळत राहतो. उपग्रह तर वर फिरतच असतात, त्यांचं वेगळं भाडं नाही.

कुणी केलं हे?

ही कल्पना शास्त्रशुद्ध रीतीनं मांडणारा लेख १९९२ मध्ये अमेरिकेत मायकेल बेव्हिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला. त्यानंतर जगभर त्याचा वापर सुरू झाला. जपाननं भूकंपासाठी जमिनीची हालचाल टिपायला सुमारे १,३०० केंद्रं उभारली होती. तीच केंद्रं आता तिथल्या हवामान खात्याला बाष्पही सांगतात. एकाच गिरणीत गहूही दळायचा आणि डाळही, तसं.

आपल्या देशातही हे काम झालं आहे, आणि त्यातही एक बाई पुढे आहेत. बंगळुरूच्या शास्त्रज्ञ श्रीदेवी जाडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बंगळुरू, कोडाईकनाल, शिलाँग आणि लडाखमधलं हान्ले इथल्या केंद्रांवरून हवेतलं बाष्प मोजलं आणि २००५ मध्ये ते अभ्यासकांपुढे मांडलं. हान्ले सुमारे साडेचार हजार मीटर उंचीवर, हवा इतकी कोरडी की आकाश बघायला शास्त्रज्ञांनी तिथे दुर्बीण बसवली आहे. आणि शिलाँग तर मेघांच्या घरात. दोन्ही टोकांना हे साधन कसं चालतं ते त्यातून कळलं.

हवामान खात्यानं सुरुवातीला दिल्ली, कोलकाता, गुवाहाटी, चेन्नई आणि मुंबई अशा पाच ठिकाणी ही यंत्रं लावली. पुढच्या दशकात देशभर २५ केंद्रांचं जाळं झालं. पुणे, नागपूर आणि पणजी ही नावं त्यात आहेत. पण सांताक्रूझ आणि कुलाब्याचा फरक लक्षात घेतला तर एवढ्या मोठ्या देशाला २५ म्हणजे ताटाला लावलेलं चिमूटभर मीठच.

इथेच ती मोजणीची काठी पुन्हा आठवते. जमीन मोजणीसाठी भारतीय सर्वेक्षण विभागाच्या मदतीनं महाराष्ट्रात ७७ ठिकाणी कायमची केंद्रं उभी राहिली आहेत. काठी जी चूक काढून टाकते ती याच केंद्रांच्या आधारानं. ती एका जागी रोवलेली आहेत, रात्रंदिवस उपग्रहांचं ऐकतात. जोडीला दाब आणि तापमानाची यंत्रं दिली तर असं प्रत्येक केंद्र बाष्पाचा आकडाही देऊ शकतं. जपानला जमलं ते आपल्याला न जमायला काय झालं?

पण एवढ्यानं भागत नाही

डोक्यावर पाच-सहा सेंटिमीटर पाणी असताना सांताक्रूझला चौऱ्याण्णव सेंटिमीटर पाऊस पडला कसा? कारण वारा समुद्रावरून नवीन वाफ आणून ओतत राहिला. म्हणजे डोक्यावरचं भांडं किती भरलं आहे एवढंच बघून चालत नाही, त्यात किती पडतंय हेही बघावं लागतं. बाष्प खूप आहे म्हणून पाऊस पडेलच असंही नाही. ती वाफ वर उचलली जावी लागते, गार व्हावी लागते. मीठ ओलं झालं तरी कधीकधी पाऊस येत नाही, तसंच. शिवाय उपग्रहाचा हा हिशेब एकूण बाष्प सांगतो, ते किती उंचीवर आहे हे सांगत नाही. ते अजून फुग्यालाच विचारावं लागतं. म्हणून रडार, फुगा, ढगांची छायाचित्रं आणि हा उशिराचा हिशेब, सगळ्यांची मिळून खिचडी शिजते तेव्हा अंदाज तयार होतो.

अंदाज आता जवळ येऊ लागले आहेत. पुण्याच्या पाषाणमधल्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं तयार केलेली अंदाजाची नवी पद्धत मे २०२५ मध्ये सुरू झाली. ती देशाचे सहा-सहा किलोमीटरचे चौकोन करून हिशेब करते. आधी हे चौकोन बारा किलोमीटरचे होते. सहा किलोमीटर म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीच्या आसपासच पोचलो की! पण चौकोन बारीक केले, तर त्यात भरायची मापंही तितकीच दाट हवीत.

आणि हे सगळं निकडीचं झालं आहे. हवा एक अंशानं तापली की तिच्यात सुमारे सात टक्के जास्त बाष्प मावतं. ऊन वाढतं आहे, म्हणजे आभाळाचं भांडं मोठं होतं आहे. ते उपडं होईल तेव्हा पाणीही जास्तच पडणार.

आपल्या हातातलं काम

उपग्रहानं सांगितलं, पुण्यात संगणकानं हिशेब केला, इशारा निघाला. पण तो डोंगराखालच्या वाडीतल्या म्हातारीपर्यंत पोचला का? भाड्याच्या पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्या, मराठी न येणाऱ्या कामगाराच्या बायकोपर्यंत पोचला का? मोबाइल बहुतेक वेळा घरातल्या पुरुषाकडे, आणि तो पाळीला गेलेला. घरी असतो आपण, मुलं आणि म्हातारी माणसं. पाणी दारात येतं तेव्हा निर्णय बाईलाच घ्यावा लागतो. म्हणून आपल्या गटात बोलण्यासारख्या चार गोष्टी सांगते.

एक, इशाऱ्याचे रंग पाठ करा. हिरवा म्हणजे काळजी नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, केशरी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे लगेच हालचाल करा.

दोन, घरातल्या एका तरी बाईच्या मोबाइलवर हवामान खात्याचं 'मौसम' आणि विजेची सूचना देणारं 'दामिनी' घेऊन ठेवा. 'दामिनी' पुण्याच्याच संस्थेचं आहे. आभाळ गडगडलं की झाडाखाली थांबू नका, पक्क्या घरात जा.

तीन, तळापासून तोंडापर्यंत सरळ अशी एक बरणी उघड्यावर ठेवा आणि रोज सकाळी ठरावीक वेळी पट्टीनं पाणी मोजून वहीत लिहा. चोवीस तासांत साडेसहा सेंटिमीटर झालं की हवामान खात्याच्या भाषेत तो 'जोरदार' पाऊस. साडेअकराच्या वर गेला की 'अति जोरदार'. शाळेतल्या मुलींना हे काम फार आवडतं.

चार, वस्तीतल्या एकट्या राहणाऱ्या, आजारी आणि गरोदर बायकांची यादी करा, आणि कोणी कोणाच्या दारावर थाप मारायची ते आधीच ठरवा.

आणि पुढच्या ग्रामसभेत एक प्रश्न नक्की विचारा. आपल्या गावासाठी लाल इशारा निघाला, तर तो आधी कोणाला कळतो, आणि त्यानंतर किती वेळात शेवटच्या घरापर्यंत जातो? उत्तर मिळेपर्यंत खाली बसू नका. शंभर कोटीव्या भागाचा उशीर शास्त्रज्ञांनी मोजला, मग आपल्या गावातला तासांचा उशीर आपण का नाही मोजायचा?